ब्रह्मपुरीच्या आधी : कृष्णेच्या खोऱ्यातील अश्मयुगीन माणूस

कोल्हापूरचा इतिहास सांगताना बहुतेक ग्रंथ पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरीच्या टेकाडापासून सुरुवात करतात, आणि त्याला सबळ कारणही आहे. १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, सातवाहनकालीन वस्तीचे थर उघडे केले आणि भूमध्य समुद्राशी चालणाऱ्या व्यापाराची साक्ष देणाऱ्या कांस्यवस्तूंना नेमका काळ मिळवून दिला. त्यामुळे या नगरीचे वय सुमारे दोन हजार वर्षे ठरले आणि त्याआधीचे सारे जणू निर्मनुष्य होते, अशी समजूत नकळत रूढ झाली. ही समजूत चुकीची आहे. कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी आणि घटप्रभा यांनी भिजवलेल्या प्रदेशात, माणूस काही लाख वर्षांपूर्वी वावरत होता, शिकार करत होता, कंदमुळे खणत होता आणि दगडाची हत्यारे घडवत होता. त्याच्या मानाने सातवाहनांचा काळ अगदी कालपरवाचा ठरतो.

हा माणूस इतका उशिरा ओळखला गेला, याचे कारण येथील दगडात आहे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील जुन्या वाड्यांची जोती, मिरजकर तिकटीच्या आसपासच्या जुन्या भिंती, देवळांचे चिरे आणि विहिरींची बांधणी पाहिली तर सर्वत्र एकच काळा पाषाण दिसतो. हा बेसॉल्ट होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस एकामागून एक थरांनी बाहेर आला आणि थिजला. त्यातून जे विस्तीर्ण पठार तयार झाले, त्याला भूशास्त्रज्ञ दख्खनचे सोपान प्रस्तर म्हणतात. घर बांधण्यास हा दगड उत्तम असला तरी हत्यार घडवण्यास तो सर्वत्र सारखा उपयोगी पडत नाही. त्याचे काही थर सच्छिद्र असतात, काही लवकर झिजतात, आणि ऊन-पावसात पडून राहिलेल्या बेसॉल्टच्या पृष्ठभागावर कुजल्यासारखी तपकिरी साल चढते, जिच्यामुळे माणसाने काढलेल्या धारा आणि खळगे बुजून जातात. लाखभर वर्षांनंतर असे हत्यार नदीतल्या साध्या गोट्यासारखे दिसू लागते. ते ओळखण्यासाठी सराव झालेली नजर लागते, आणि ती नजर या प्रदेशाला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाभली नव्हती.

भारतीय प्रागैतिहासाचा, म्हणजे लेखनकलेच्या आधीच्या मानवी इतिहासाचा, पद्धतशीर अभ्यास ३० मे १८६३ रोजी सुरू झाला असे मानले जाते. त्या दिवशी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळील पल्लावरम येथे दगडी हत्यार सापडले. पुढे याच फूट यांच्याकडे बेळगाव, धारवाड, कलादगी हे जिल्हे आणि लगतची संस्थाने मिळून होणाऱ्या दक्षिण मराठा देशाच्या भूशास्त्रीय पाहणीचे काम आले, आणि १८७६ मध्ये त्यांचा त्याविषयीचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला. मलप्रभा व घटप्रभा यांच्या खोऱ्यांत त्यांना क्वार्टझाइटची हत्यारे मिळाली. क्वार्टझाइट म्हणजे वाळूचे कण उष्णतेने व दाबाने घट्ट सांधले जाऊन बनलेला, कठीण आणि तीक्ष्ण धार देणारा दगड. कलादगीच्या परिसरात त्याच्या टेकड्याच टेकड्या आहेत, आणि जेथे तो विपुल तेथे हत्यारेही विपुल, हा संबंध फूट यांच्या ध्यानी आला. निरीक्षण अचूक होते. परंतु त्यावरून पुढच्या पिढ्यांनी जो उलट निष्कर्ष काढला, तो मात्र महाराष्ट्राला फार महाग पडला. क्वार्टझाइट नाही तेथे आदिमानवही नाही, असे गृहीत धरले गेले, आणि बेसॉल्टचा जवळजवळ सगळा मराठी मुलूख या गृहीतामुळे संशोधनाच्या नकाशावर कोरा राहिला.

विरुद्ध पुरावा अगदीच नव्हता असे नाही. १८६५ मध्ये वाइन या भूशास्त्रज्ञाला पैठणजवळ मुंगी येथे गोदावरीच्या गाळात अकीकाचा एक छिलका मिळाला होता; छिलका म्हणजे मोठ्या दगडावर आघात करून काढलेला धारदार तुकडा. १९३९ मध्ये टॉड यांनी मुंबईजवळच्या कांदिवली येथील हत्यारांविषयी निबंध प्रसिद्ध केला, पण त्यांच्या थरांच्या क्रमाविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या. निर्णायक काम झाले ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून. १९३९ मध्ये ही संस्था संशोधन केंद्र म्हणून नव्याने सुरू झाली आणि सांकलिया तेथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या जुन्या गोटेमिश्रित थरांत त्यांना हातकुऱ्हाडी मिळाल्या, आणि गोदावरीच्या या पुराश्मयुगीन हत्यारांवरील त्यांचा प्रबंध १९५२ मध्ये छापला गेला. बेसॉल्टच्या प्रदेशात आदिमानव नव्हता, हे मत तेथेच मोडले. आदिमानवाने क्वार्टझाइटची वाट पाहिली नव्हती. बेसॉल्टच्या थरांना छेदून उभ्या भिंतीसारख्या घुसलेल्या डोलेराइटच्या पट्ट्या त्याने शोधून काढल्या होत्या. भूशास्त्रात या पट्ट्यांना भित्ती म्हणतात. त्यांचा दगड सलग, घट्ट आणि आघाताला इमानी असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण नेवाशाजवळ चिर्की नाल्याच्या काठी मिळते, आणि महाराष्ट्रातील अश्मयुगाचा विचार करताना तेथे जरा जास्त वेळ थांबणे भाग आहे. गुद्रुन कोर्व्हिनस या जर्मन संशोधिकेने १९६६ नंतरच्या काही हंगामांत प्रवरेच्या काठावरील या जागेचे उत्खनन केले. आद्य पुराश्मयुगातील, म्हणजे जुन्या अश्मयुगाच्या पहिल्या टप्प्यातील, हत्यारे भारतात बहुधा नदीने वाहून आणलेल्या गोट्यांच्या थरांत मिळतात. ती मुळात कोठे घडली आणि कोठे वापरली गेली, हे अशा थरांवरून कळत नाही. चिर्कीला मात्र ती जेथे टाकली गेली त्याच्या अगदी जवळ, खडकावरील दगडगोट्यांच्या पृष्ठभागावर, गाळाखाली झाकलेली सापडली. हातकुऱ्हाडी, फरश्या, तोडहत्यारे, त्यांच्याबरोबर तयार झालेले छिलके आणि ज्यांतून ते काढले गेले ते गाभे असा सगळा संच एकत्र होता, आणि कच्चा माल म्हणून परिसरातील डोलेराइट व घट्ट बेसॉल्ट वापरलेला होता. म्हणजे आदिमानव येथे वारंवार येत होता, दगड कोठे मिळतो हे त्याला ठाऊक होते, आणि पाण्याजवळ बसून तो काम करत होता. केवळ हत्यार हाती लागण्यापेक्षा हे कळणे कितीतरी मोलाचे आहे.

हातकुऱ्हाड हे नाव ऐकून दांडा लावलेल्या कुऱ्हाडीचे चित्र डोळ्यांसमोर येते, ते बाजूला ठेवावे लागते. ही साधारण बदामाच्या किंवा नासपतीच्या आकाराची, हातात मावणारी, दोन्ही पृष्ठांवर छिलके काढून घडवलेली वस्तू असून तिला दांडा नसे. फरशी, म्हणजे संशोधक जिला क्लीव्हर म्हणतात ती, टोकाऐवजी आडवी रुंद धार असलेली असते. दोन्ही घडवण्याची रीत दख्खनमध्ये साधारणतः अशी होती की, प्रथम मोठ्या शिळेवर जड दगडाचा घाव घालून हातभर नव्हे तरी वीतभर लांबीचा छिलका सुटा केला जाई, आणि मग त्याच्या कडा लहान हातोडा-दगडाने टवके उडवत नीट केल्या जात. घाव कोठेही घालून चालत नाही. आघाताची जागा कडेच्या अगदी जवळ हवी, त्या जागेचा आणि पृष्ठाचा कोन काटकोनापेक्षा कमी हवा, आणि घावाची दिशा आधीच मनात ठरलेली हवी. तसे झाले तर आघातलहरी दगडात पसरून शिंपल्यासारखा गुळगुळीत, किंचित फुगीर पृष्ठभाग छिलक्यावर उमटतो. याच फुगवट्यावरून माणसाने फोडलेला दगड आणि पुरात आपटून फुटलेला दगड यांतला फरक ओळखता येतो. फरशीची धार तर आणखी विचारपूर्वक साधलेली असते, कारण ती नंतर घासून वा टवके काढून केलेली नसते. मूळ शिळेवरील आधीच्या आघाताचा पृष्ठ आणि नव्या छिलक्याचा पृष्ठ जेथे मिळतात तेथे ती आपोआप उतरते, आणि तसे घडावे म्हणून कारागिराला दोन घाव आधीच योजना करावी लागते. सांकलिया यांनी १९६४ मध्ये दगडी हत्यारांची तंत्रे, नावे आणि संभाव्य उपयोग यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो या कौशल्याला दिलेला यथोचित मान होता. असे पूर्वनियोजन करणाऱ्या जीवाला रानटी म्हणणे अन्यायाचे आहे.

हा कारागीर शरीराने आजच्या माणसासारखा नव्हता. महाराष्ट्रात त्याची हाडे मिळालेली नाहीत. भारतात १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना नर्मदेकाठी हथनोरा येथे मिळालेला कवटीचा भाग हाच त्या काळातील मानवाचा महत्त्वाचा अवशेष आहे. त्याच्या दिनक्रमाविषयी जे सांगता येते ते हत्यारांची ठिकाणे, त्यांची घडण आणि त्यांभोवतीची भूमी यांवरून. या बाबतीत डेक्कन कॉलेजचेच क. पद्दय्या यांनी कर्नाटकातील हुणसगी खोऱ्यात केलेले काम फार उद्बोधक ठरले. एखाद्या स्थळाकडे सुटे न पाहता त्यांनी सबंध खोरे पायी धुंडाळले, आजही तेथे कोणती फळे, कंद, पालेभाज्या आणि प्राणी ऋतुमानानुसार मिळतात याची नोंद केली, आणि असे अनुमान मांडले की पावसाळ्यात सगळीकडे पाणी असल्याने लहान लहान टोळ्या खोरेभर विखुरत असाव्यात, तर उन्हाळ्यात बारमाही झऱ्यांभोवती त्या एकत्र येत असाव्यात. याच खोऱ्यातील इसामपूर येथे चुनखडीच्या दगडाची खाण आणि हत्यारे घडवण्याची जागा एकत्रच मिळाली. तेथील प्राण्यांच्या दातांवरून काढलेला काळ सुमारे १२ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचा आहे.

कोल्हापूरच्या परिसराला हे अनुमान लावून पाहिले तर त्यातून बरेच उलगडते. सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि शिरोळकडे येईपर्यंत तो पाच-सहाशे मिलिमीटरवर येतो. हा सारा उतार काही दिवसांच्या चालीत ओलांडता येण्याजोगा आहे. हवामान त्या काळात अनेकदा बदलले, तरी पश्चिमेकडे ओले दाट अरण्य आणि पूर्वेकडे गवताळ, विरळ झाडीचा कोरडा माळ हा क्रम डोंगराच्या आडोशामुळे टिकून राहिला असला पाहिजे. भरपूर पावसाच्या दाट अरण्यात जमिनीवर चरणारी मोठी जनावरे कमी असतात आणि उघडा दगडही सहज हाती लागत नाही. उलट पूर्वेच्या माळावर कळप चरतात, नदीची पात्रे रुंदावतात आणि गोटे उघडे पडतात. आद्य पुराश्मयुगातील स्थळे सह्याद्रीच्या माथ्यापासून दूर, पूर्वेकडे का आढळतात, याचे उत्तर बरेचसे या उतारात आहे.

रा. श्री. पप्पू यांनी कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातील प्लायस्टोसीन काळाचा, म्हणजे सुमारे २६ लाख ते ११ हजार ७०० वर्षांपूर्वीच्या हिमयुगीन कालखंडाचा, जो अभ्यास केला तो डेक्कन कॉलेजने १९७४ मध्ये प्रसिद्ध केला, आणि घटप्रभेकाठच्या अनगवाडीसारखी स्थळे त्यामुळे नीट माहीत झाली. कोल्हापूरच्या दृष्टीने मात्र येडूरवाडीचे महत्त्व अधिक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातून वाहत गेलेली दूधगंगा ज्या भागात कृष्णेला मिळते, तेथे चिकोडी तालुक्यात हे गाव आहे. येथील गोट्यांच्या थरात अॅश्युलियन हत्यारे, म्हणजे हातकुऱ्हाड आणि फरशी ही ज्यांची खूण आहे अशा परंपरेची हत्यारे, मिळाली. त्या थरात चुन्याचे खडे तयार झालेले होते, आणि त्यांतील युरेनियम व थोरियम यांचे प्रमाण मोजून त्यांचे वय काढण्याचा प्रयत्न झाला. ही पद्धत सुमारे साडेतीन लाख वर्षांपर्यंतच उपयोगी पडते. येडूरवाडीचे उत्तर त्या मर्यादेच्या पलीकडे गेले. म्हणजे हत्यारे निदान साडेतीन लाख वर्षांइतकी जुनी आहेत, हे निश्चित झाले. नेवाशाच्या थरांबाबतही असेच उत्तर मिळाले. त्या मानाने पुणे जिल्ह्यातील बोरी येथे कुकडीकाठी हत्यारांसोबत मिळालेल्या ज्वालामुखीच्या राखेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण काहींनी ती राख कित्येक लाख वर्षांपूर्वीची ठरवली, तर काहींनी ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची मानली, आणि या मतभेदावर अनेक वर्षे वाद चालला.

या भूमीवर माणसासोबत कोणते प्राणी वावरत होते, याचाही एक जबरदस्त पुरावा याच परिसरातून मिळाला आहे. गोकाकजवळ चिकदौली येथे एका ओढ्याच्या काठच्या गाळात फूट यांना गेंड्याचे जीवाश्म मिळाले, आणि १८७४ मध्ये त्यांनी त्या प्राण्याला दख्खनचा गेंडा अशा अर्थाचे शास्त्रीय नाव देऊन त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. गोदावरीच्या खोऱ्यात काळेगाव येथे प्रचंड शिंगांच्या रानगुराचे अवशेष मिळाले आहेत. आज ऊस आणि ज्वारीने व्यापलेल्या या काळ्या जमिनीवर एके काळी गेंडे आणि रानगुरे पाण्यावर उतरत, हे ध्यानात घेतले म्हणजे हातकुऱ्हाड कशासाठी लागत होती हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र तिचा उपयोग शिकारीपुरता मानणे चूक आहे. मेलेल्या जनावराचे कातडे फाडणे, हाडे फोडून मगज काढणे, लाकूड तासणे आणि कंद खणण्यासाठी काठीला टोक करणे ही कामे रोजची होती, आणि शिकारी-संकलक समाजात पोट भरण्याचा मोठा भार बहुधा कंद-फळे गोळा करणाऱ्यांवरच, त्यातही स्त्रियांवर, असतो, हे मानवशास्त्राने अनेक जमातींच्या अभ्यासातून दाखवले आहे. लाकडी काठी कुजून जाते आणि दगड टिकतो, म्हणून इतिहासात शिकाऱ्याची बाजू ठळक आणि संकलनाची पुसट झाली आहे.

पुढच्या टप्प्याची ओळखही महाराष्ट्रानेच करून दिली. सांकलिया यांनी १९५४ पासून नेवाशाला केलेल्या कामात असे दिसले की, हातकुऱ्हाडींच्या थराच्या वर दुसरा एक थर असून त्यात डोलेराइटऐवजी कॅल्सिडोनी, अकीक आणि यास्पर यांची लहान हत्यारे आहेत. ही खनिजे बेसॉल्टच्या पोकळ्यांत गारेच्या द्रावणातून साकळतात आणि खडक झिजला की गारगोट्यांच्या रूपाने माळावर विखुरतात. मध्य पुराश्मयुगातील या माणसाने त्यांपासून तासण्या आणि टोचण्या केल्या. म्हणजे एकाच अवजड हत्याराने सर्व कामे उरकण्याचा काळ संपून कातडे तासायला एक, लाकूड कोरायला दुसरे अशी विभागणी आली. ज्या बेसॉल्टला हत्यारांसाठी निरुपयोगी ठरवले गेले होते, त्याच्या पोटातच अत्यंत धारदार दगडांचा साठा होता.

त्यानंतर आलेली सूक्ष्मास्त्रे, म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही लहान पाती आणि त्यांपासून केलेले त्रिकोण वा चंद्रकोरी आकार, एकटी वापरायची नसत. लाकडाच्या वा हाडाच्या खोबणीत डिंकाने ओळीने चिकटवून त्यांचे बाण, भाले आणि विळे केले जात, आणि एखादे पाते तुटले तर तेवढेच बदलता येई. भारतात हे तंत्र निदान ३५ हजार वर्षांपूर्वी, आणि मध्य प्रदेशातील मेहताखेडीच्या पुराव्यानुसार त्याहूनही आधी, रूढ झाले होते. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे शं. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात अशा पात्यांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि त्याच कवचावर आडव्यातिडव्या रेघा कोरलेला एक तुकडा मिळाला, ज्याचा काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा आहे. खानदेशात शहामृग होता आणि त्याच्या कवचाला भोक पाडून कोणी गळ्यात घालत होते, या एका वस्तुस्थितीने त्या काळाच्या मनाचा जितका प्रत्यय येतो तितका शेकडो हत्यारांनी येत नाही. सह्याद्रीच्या खाली, कणकवली तालुक्यात कोळोशीच्या गुहेत राज्य पुरातत्त्व विभागाला दगडी हत्यारे मिळाली आहेत, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभ्याच्या सड्यांवरील कातळशिल्पांमध्ये कशेळीच्या भव्य हत्तीसारख्या आकृती उजेडात आल्या आहेत. फोंडा आणि गगनबावडा हे घाट आज कोल्हापूरला कोकणाशी जोडतात. या वाटांनी होणारी माणसांची ये-जा गाडीवाटेहून फार जुनी असणे संभवते.

तरीही पंचगंगेच्या खोऱ्यातून मिळालेला पुरावा प्रवरा किंवा मलप्रभा यांच्या तुलनेने तोकडाच आहे, आणि त्यामागे निसर्ग व दुर्लक्ष ही दोन्ही कारणे आहेत. वरच्या खोऱ्यांतून नद्यांनी जुना गाळ बहुतांशी धुऊन नेला आणि त्याच्या जागी अलीकडचा गाळ आणून टाकला. जे जुने गोटेथर उरले, ते गेल्या शतकभरात उसासाठी केलेल्या सपाटीकरणाखाली, कालव्यांखाली, विटभट्ट्यांच्या मातीखाली आणि वाळूउपशाखाली वेगाने नाहीसे होत आहेत. चिर्कीला उत्खनन होऊ शकले कारण त्या नाल्याचा काठ शाबूत होता. पंचगंगेच्या काठी अशी एखादी जागा असेल तर ती नांगराच्या फाळाआधी अभ्यासकाला दिसली पाहिजे. म्हणून करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागल आणि गडहिंग्लज या तालुक्यांतील ज्यांना विहीर खणताना, शेत सपाट करताना किंवा नदीच्या दरडीत, दोन्ही बाजूंनी टवके काढलेला बदामी आकाराचा दगड अथवा एका ठिकाणी साठलेल्या धारदार गारगोट्या दिसतील, त्यांनी त्या उचलून धुऊन घरी नेऊ नयेत, कारण मातीच्या थरातून सुटलेल्या हत्याराचे वय काढता येत नाही. त्यांनी जागेची खूण, खोली आणि छायाचित्र नोंदवून कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयाला, राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला तातडीने कळवावे.